नाईल, मुठा आणि फोनवरची चकती

(दृश्य: जुलै. पुण्यात डेक्कनजवळचा मुठेच्या पात्रातला भिडे पूल, वरून पाणी वाहतंय. अडथळ्यांच्या अलीकडे छत्र्या, छत्र्यांखाली फोन.)

निवेदन:

पाऊस किती झाला, हे पुणेकराला मिलिमीटरमध्ये सांगावं लागत नाही. "भिडे पूल गेला का?" एवढं विचारलं की पुरतं. आज गेलाय. आणि तो गेलेला बघायला आलेली मंडळी व्हिडिओ कॉल लावून घरच्यांनाही तो दाखवतायत.

पाणी खडकवासल्याहून इथवर येऊन पोचलं. चित्राला जायचं होतं जवळच्याच टॉवरपर्यंत, ते मात्र चकती फिरवत बसलंय.

या दोन्ही प्रवासांमागचं गणित बऱ्याच अंशी एकच आहे. फक्त ते ओळखायला माणसांना ऐंशीएक वर्षं लागली.

(दृश्य: जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची छायाचित्रं.)

सुरुवात कोपनहेगनमध्ये. तिथल्या टेलिफोन कंपनीत आग्नर क्रारुप एर्लांग नावाचा गणिती नोकरीला होता. त्याच्यापुढचा प्रश्न अगदी दुकानदारी होता: गावात इतके लोक फोन करतात, तर लाइनी किती टाकायच्या? १९०९ साली त्याने यावर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली ते सूत्र दिलं, जे आजही दूरसंचाराच्या पहिल्या धड्यात असतं.

गंमत म्हणून एक हिशेब करू. तासाला ६० फोन, प्रत्येक ३ मिनिटांचा. म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी ३ फोन चालू. मग लाइनी ३ टाकल्या तर? एर्लांगचं सूत्र सांगतं, शंभरातल्या चौतीस-पस्तीस जणांना लाइन मिळणार नाही. ६ टाकल्या तर पाच जण परत जातील. एकालाही क्वचितच परत पाठवायचं असेल, तर ८ हव्यात. सरासरीवर विसंबणाऱ्याचं दुकान चालत नाही, हे असं आकड्यात दिसतं.

या सूत्रामागे एक गृहीत होतं. फोन करणारे एकमेकांना न विचारता, आपापल्या मर्जीने फोन करतात. त्यामुळे माणसं जितकी जास्त, तितके चढउतार एकमेकांत जिरतात आणि एकूण ओघ सपाट होत जातो. आवाजाच्या फोनसाठी हे गृहीत बऱ्यापैकी खरं ठरलं.

(दृश्य: पडद्यावर आलेख. तासाचा, मिनिटाचा, सेकंदाचा. तिन्ही सारखेच खडबडीत.)

१९८९ ते १९९२ या काळात अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत संगणकांच्या जाळ्यावरची रहदारी पॅकेटगणिक, म्हणजे माहितीच्या एकेका छोट्या गठ्ठ्यागणिक, मोजली गेली. लेलँड, तक्कू, विलिंगर आणि विल्सन या चौघांनी तो आलेख काढला. तो सपाट होईना. सेकंदाचा काढा, मिनिटाचा काढा, तासाचा काढा, उसळ्या तशाच. गर्दीला गर्दी लागून येत होती आणि शांततेला शांतता.

आता हे मोजायचं कशाने? उत्तर सापडलं नाईल नदीकाठी.

हॅरोल्ड एडविन हर्स्ट हा इंग्रज जलतज्ज्ञ १९०६ साली इजिप्तला गेला आणि आयुष्यभर नाईलच्याच मागे राहिला. त्याला ठरवायचं होतं, धरण केवढं बांधायचं. कैरोजवळ रोडा बेटावर नदीची पातळी मोजल्याच्या नोंदी थेट इ.स. ६२२ पासूनच्या. त्या आणि असे कितीतरी आकडे चाळून त्याने १९५१ साली दाखवलं की ओली वर्षं घोळक्याने येतात, सुकी वर्षंही घोळक्याने. वर्षं एकमेकांशी काहीच नातं नसल्यासारखी आली असती, तर हा घोळका मोजणारा हर्स्टचा आकडा, म्हणजे घातांक, ०.५ निघायला हवा होता. तो निघाला ०.७ च्या वर. बेलकोरच्या संगणकांचा निघाला ०.८ ते ०.९. नदीपेक्षा आपली मेल आणि फाइली जास्त हट्टी.

(दृश्य: खडकवासला धरणाचे उघडे दरवाजे.)

आपल्याकडे बघा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं खडकवासल्याच्या वाट्याला जेमतेम २. वरची भरली की सगळं इथे येतं, आणि इथे साठवायला जागा नाही. दरवाजे उघडतात, क्युसेकचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात आणि भिडे पूल जातो.

टॉवरमध्येही पॅकेटांचा असाच साठा असतो, त्याला बफर म्हणतात. तो भरला की पुढची पॅकेटं गळतात. ओघ एर्लांगच्या गृहीतासारखा असेल तर बफर थोडा वाढवला की गळती झपाट्याने कमी होते. हर्स्टच्या नदीसारखा असेल तर बफर वाढवत जा, गळती कासवाच्या गतीने कमी होते. आणि त्या मोठ्या बफरमध्ये रांगेत उभ्या पॅकेटांना उशीर होतो तो वेगळाच. साठवून बघायच्या व्हिडिओला तो चालतो, समोरासमोरच्या बोलण्याला नाही. बोलताना एका बाजूने दुसरीकडे जायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्यापुढे उशीर वाढत गेला की दोघं एकदम बोलायला लागतात.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, अनंत चतुर्दशी. ढोल-ताशा पथक, गुलाल.)

आवाज तसा गरीब. दर २० मिलिसेकंदांना एक चिमुकलं पॅकेट, आणि माणूस गप्प असला की जवळपास काहीच नाही. १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत मोजलं गेलं, तेव्हा फोनवरचा माणूस निम्म्याहून कमी वेळ बोलताना आढळला. ते मोजमाप सदाशिव पेठेत झालं असतं तर आकडा काय आला असता, कोण जाणे.

व्हिडिओचं तसं नाही. सेकंदाला २५ चित्रं धरली तर दर ४० मिलिसेकंदांना एक. अधूनमधून एक पूर्ण चित्र जातं, त्यानंतर फक्त काय बदललं तेवढंच. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेचे ओठ तेवढे हलतात, म्हणून ती स्वस्तात जाते. पण गुलाल उधळला की पडद्याचा कण न् कण बदलतो. टिपऱ्या, झांजा, हलणारे शंभर ढोल. भावनेच्या दृष्टीने जो क्षण सर्वांत मोलाचा, तोच बिट्सच्या हिशेबात सर्वांत महाग.

आणि वाटही रुंद-अरुंद होत राहते. फोन टॉवरला सतत ० ते १५ मधला एक आकडा कळवतो, मला कितपत ऐकू येतंय. फोर-जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो, कुणाला किती वाटा. बेल प्रयोगशाळेच्याच गिल्बर्टने १९६० साली याचं सगळ्यात साधं प्रारूप मांडलं: मार्ग एक तर चांगला किंवा वाईट, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची ठरावीक शक्यता. वाड्याच्या बोळात वळलात, वाईट. चौकात आलात, चांगला. इतकं ढोबळ प्रारूप, तरी बरंच काम भागतं.

माणूस एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्यात शिरला की आणखी पेच. नव्या फोनला "जागा नाही" म्हटलं तर तो कुरकुरेल, पण चालू बोलणं तोडणं म्हणजे पंगतीत जेवणाऱ्याला उठवणं. म्हणून काही पानं मागे राखून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. १९८६ साली हाँग आणि रॅपापोर्ट यांनी याचा पद्धतशीर हिशेब मांडला. किती पानं राखायची, हाच सगळा वाद. जास्त राखली तर दारातले उपाशी.

(दृश्य: अलका चौक, संध्याकाळ. हजारो उंचावलेले फोन.)

संगणकावर हे सगळं उभं करताना पुष्कळदा धरलं जातं की माणसं मैदानात हवी तशी, स्वतंत्रपणे फिरतात. अलका चौकात उभं राहून हे गृहीत तपासावं. इथे सगळे एकाच दिशेने बघतायत, एकाच क्षणी फोन वर करतायत आणि सगळ्यांना पाठवायचंय. एरवी लोक पाठवतात कमी आणि बघतात जास्त, म्हणून पुष्कळ ठिकाणी हवेतला जास्त वेळ टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या ओघाला दिलेला असतो. आज ओघ उलटा. एर्लांगचे फोन करणारे एकमेकांना विचारत नव्हते. इथे ढोलाचा ठोका सगळ्यांना एकदम विचारतो.

(दृश्य: गर्दीत एक मुलगा, हातात फोन. पडद्यावर आजी, थिजलेली.)

"आजी, दिसतोय का गं गणपती?"

"चित्र अडकलंय रे. ढोल ऐकू येतोय."

फोनमधल्या आज्ञावलीने जागा आटलेली पाहून आधी चित्र सोडलं आणि आवाज धरून ठेवला. आजीने फोन कानाला लावला.

(आवाज: ढोल. हळूहळू काळोख.)