टाउपोचं तळं आणि टाँगारिरोची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर सहकुटुंब जायचं असेल तर आधी कॅलेंडर उलटं धरा. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे थंडी सुरू झालेली असते. ऑकलंडला राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र टाउपो गाडीने साडेतीन तासांवर.

टाउपो हे 616 चौरस किलोमीटरचं तळं म्हणजे एका ज्वालामुखीचं खचलेलं तोंड. सुमारे साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वी तो फुटला, जमीन खाली बसली आणि खड्ड्यात पाणी साठलं. मुलं विचारतील, सह्याद्रीही लाव्ह्याचाच ना? हो, पण आपला लाव्हा पातळ होता, थरावर थर पसरत गेला. टाउपोचा घट्ट आणि वायूने भरलेला, म्हणून तो स्फोटाने उडाला. त्याचा फेस गोठून झालेले दगड आजही काठावर सापडतात. टाचा घासायच्या वजरीसारखे दिसतात आणि पाण्यात टाकले की तरंगतात. मुलांचा तासभर सहज जातो.

कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, तळ्याच्या काठच्या माइन बेला जाऊन कड्यावर कोरलेला दहा मीटरहून उंच माओरी चेहरा बघता येतो. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. तिथे पाण्यावरूनच पोचता येतं. सकाळचीच वेळ घ्या. दुपारी वारा सुटला की एवढ्या मोठ्या तळ्यात चांगल्याच लाटा उठतात, आणि परतताना तो समोरून आला तर थकलेल्या हातांनी वल्हवणं जिवावर येतं. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे हवं. खांद्यापाशी धरून वर उचलून बघा, हनुवटीवर सरकलं तर ते मोठं आहे.

गरम झऱ्यांत डुंबायला हरकत नाही, पण डोकं पाण्याबाहेर ठेवायचं. नैसर्गिक गरम पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर बहुधा जीवघेणा ठरतो. म्हणून तिथे बुडी नाही, नाकातोंडात पाणी उडवणंही नाही.

आता टाँगारिरो क्रॉसिंग, म्हणजे टाँगारिरो या ज्वालामुखी डोंगरावरून पलीकडे नेणारी एका दिवसाची पायवाट. अंतर सुमारे 20 किलोमीटर, वेळ 7 ते 8 तास. मांगाटेपोपोहून निघून केटेटाहीला उतरायचं, म्हणजे चढ 750 मीटरच्या आसपास आणि उतार 1100 मीटरच्या. पाय गळतात ते उतारावर. उन्हाळ्यात मांगाटेपोपोला गाडी 4 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून शटल बस आधी ठरवा. गाडी केटेटाहीच्या बाजूला ठेवून सकाळी बसने सुरुवातीला गेलात, तर शेवटची बस चुकायची धास्ती राहत नाही.

वाटेत पिण्याचं पाणी नाही. झऱ्यांतलं पाणी खनिजांनी भरलेलं असतं, त्यामुळे माणशी दोन ते तीन लिटर घरूनच. जीन्स नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि वरच्या वाऱ्यात अंग गारठतं. खाली ऊन असलं तरी लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, विंडचीटर आणि टोपी प्रत्येकाच्या पाठीवर हवी.

माघारी फिरायचं की नाही हे ठरवण्याची जागा म्हणजे वाटेवरचं ‘सोडा स्प्रिंग्स’ नावाचं ठिकाण. त्यानंतर पायऱ्यांचा खडा चढ लागतो. मूल तिथेच कुरकुरत असेल किंवा वर ढग उतरले असतील, तर परत या. पुढचा रेड क्रेटर जवळजवळ 1900 मीटरवर आहे, कळसूबाईहून बराच उंच. तिथून पाचूच्या रंगाच्या तळ्यांकडे उतरताना सुटी खडी पायाखालून घसरते. टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून उतरा, आणि मुलाच्या थेट खालच्या बाजूला कुणी उभं राहू नका. ती तळी माओरींना पवित्र आहेत, त्यांच्या पाण्याला हातही लावायचा नाही. आसपासच्या शिखरांवरही चढू नये, अशी त्यांची विनंती असते.

2012 साली याच डोंगरावर ‘ते मारी’ नावाच्या मुखातून उद्रेक झाला होता, त्यामुळे निघण्यापूर्वी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी बघा. पण सहल फसते ती बहुतेकदा वाऱ्यामुळे. आदल्या संध्याकाळी शटलवाल्यांनी फेरी रद्द केली तर हुज्जत घालू नका. त्या दिवशी वाकापापा गावातून तारानाकी धबधब्याची 6 किलोमीटरची फेरी करा, दोन तास पुरतात. शेजारच्या रुआपेहू ज्वालामुखीच्या जुन्या लाव्ह्याच्या काठावरून पाणी 20 मीटर खाली पडतं, आणि लहान मुलांनाही ही वाट झेपते.