गाळाला विचारा

ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली आहे. ऐरोलीच्या बाजूला पाणी मागं सरतंय आणि काळा गाळ उघडा पडतोय. त्यावर हा जो गुलाबी पट्टा दिसतो, ते फ्लेमिंगो. चोच उलटी बुडवून, पाणी गाळून शेवाळ खातायत. त्यांच्यामुळे २०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. दिवाळे, सारसोळे, चेंदणीचे कोळी मात्र या याद्यांच्या कितीतरी आधीपासून इथल्या चिखलातून चिंबोऱ्या, निवट्या, कालवं काढत आले आहेत.

खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. १९६० च्या दशकापासून इथं रसायनं, रंग, औषधं आणि धातूंवर मुलामा देण्याचे कारखाने वाढत गेले. पश्चिमेला माहुल-ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने. मुलाम्याच्या सांडपाण्यातून क्रोमियम, निकेल, जस्त येतं. रंगांतून शिसं. कॉस्टिक सोडा पूर्वी पाऱ्याचे सेल वापरून बनवत, त्यातून पारा.

नाल्यातून येताना हे धातू बरेचसे मातीच्या बारीक कणांना चिकटलेले असतात. गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की ते कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाला बसतात. समुद्र आपली घाण दूर वाहून नेतो, असं आपण समजतो. इथं तसं होत नाही. उल्हास नदीचं बहुतेक पाणी वसईकडे जातं, ठाण्याच्या खाडीशी तिला जोडणारी वाट चिंचोळी आहे. पावसाळा सोडला तर वरून खाडी धुऊन काढणारं पाणीच नाही. उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं हे खरं, पण बरंचसं तेच पाणी आत येतं आणि तेच बाहेर जातं.

म्हणून पाण्याची बाटली भरून केलेल्या तपासणीवर मी विसंबत नाही. भरतीचा नमुना एक सांगतो, ओहोटीचा दुसरं. गाळ थरावर थर चढत जातो. त्यात नळी खोल रोवून काढली, तर वरचा थर कालचा आणि खालचा आजोबांच्या काळचा. शिसे-२१० या शिशाच्या किरणोत्सारी प्रकारावरून थरांचं वयही काढता येतं. कोणत्या दशकात काय सोडलं गेलं, ते या नळीत वाचता येतं.

आता तेल. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, शेकडो टन इंधन तेल सांडलं आणि कीटकनाशकं असलेले कंटेनरही पाण्यात पडले. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, होड्या समुद्रात लोटायचे ते दिवस, आणि मासे घ्यायला गिऱ्हाईक बिचकू लागलं. रायगडच्या किनाऱ्यावरची तिवरं तेलानं माखली. तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. त्यांच्यावरची बारीक छिद्रं तेलानं बुजली की झाड लगेच मरत नाही, हळूहळू घुसमटतं. तेलातला हलका भाग उडून जातो, डांबरासारखा जड भाग मातीला चिकटून पुन्हा त्याच गाळात जातो. चित्राची बातमी तरी झाली. गॅरेजमधून गटारात आणि बोटीच्या इंजिनातून खाडीत रोज जाणाऱ्या तेलाची बातमी होत नाही.

पाऱ्याची भीती सगळ्यात जास्त वाटते. प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे सजीवांच्या अंगात सहज भिनणाऱ्या पाऱ्यात, रूपांतर करतात. तो किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, त्यातून मोठ्या माशांत साठत जातो. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली उघड झालेला आजार याच विषाचा होता. ठाण्यात मिनामाता घडलंय, असं मी म्हणत नाही. पण रोज खाडीचीच मासळी खाणाऱ्या घरातल्या गरोदर बाईला तिच्या ताटात काय आहे ते कळायला हवं.

बंद गाळात बरेचसे धातू गंधकाशी बांधलेले, अडकून राहतात. गाळ उपसला, पुलाचे खांब रोवले, की त्याला हवा लागते आणि धातू पुन्हा सुटे होतात. या खाडीवर पुलांची कामं होतच असतात. तेव्हा उपसा सुरू होण्याआधी त्या जागचा गाळ तपासा. त्याच पाण्यातल्या चिंबोऱ्या आणि कालवं तपासा. आणि आकडे मराठीत, कोळीवाड्याच्या मासळी बाजारात, सगळ्यांना दिसतील असे लावा.