'ए' सर्टिफिकेट आणि दारावरचा माणूस

नमस्कार श्रोतेहो. आपल्या साताऱ्याकडच्या यात्रांमध्ये तंबूतला सिनेमा पाहिलेल्यांना आठवत असेल, सुरुवातीच्या सर्टिफिकेटवर 'ए' दिसला की पोरांच्या शिट्ट्या घुमायच्या. खरं तर त्या पोरांनी आत असायलाच नको होतं!

1918 च्या सिनेमाविषयक कायद्यानंतर 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला सेन्सॉर बोर्डं आली. तेव्हा वयाचा प्रश्न नव्हता. चित्रपट दाखवायचा की नाही, एवढंच ठरायचं. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, ही विभागणी 1949 ची. मधलं काहीच नाही. दहा वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचा कॉलेजकुमार, कायद्याच्या लेखी दोघं सारखेच.

चित्रपट दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचा झगडा इथं सांगायलाच हवा. त्यांच्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. बोर्ड 'ए' देऊ लागलं, अब्बास 'यू'वर अडून बसले आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी होते न होते तोच सरकारनं काटछाट न करता 'यू' देऊ केला! तरी अब्बास हटले नाहीत. चित्रपटांवर सेन्सॉरशिप मुळात वैध आहे का, या प्रश्नाचाच निकाल त्यांना हवा होता. 1970 मध्ये तो लागला. सेन्सॉरशिप वैध ठरली, वयानुसार वर्गवारीही मान्य झाली. म्हणजे अब्बासना 'यू' मिळाला, पण मुद्दा हरले.

मधली पायरी यायला 1983 उजाडलं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी ठरवायचं, असा 'यूए' आला. डॉक्टरांसारख्या ठराविक प्रेक्षकांसाठी 'एस'ही आला. बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्दही तेव्हाच गेला. आपल्या तोंडातून मात्र अजून गेलेला नाही.

2023 च्या दुरुस्तीनं 'यूए'चे तीन भाग झाले: सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे. या पायऱ्यांवर मुलाला चित्रपट दाखवायचा की नाही, हे थिएटरवाल्यानं नाही, आईबापांनी ठरवायचं. 'ए'ला मात्र दारावरच्या माणसानं अडवायलाच हवं.

ओटीटीवर तर दारच नाही. 2021 च्या नियमांनुसार तिथं वयाचा शिक्का कंपनीच मारते आणि 'यूए तेरा'पासून पुढच्या मालिका-चित्रपटांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. सोय आहे, पण ती चालू आपल्यालाच करावी लागते. आणि बऱ्याच घरांत, "बाळा, हे कसं करायचं रे?" म्हणून त्या कुलपाचा पिन पोराकडूनच टाकून घेतात.