सौ. लेओं बेर्तो यांची संघटना

नमस्कार श्रोतेहो.

शाडूच्या मातीत कधी हात घातला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, माती कुणाची वाट पाहत नाही. काम अर्धं टाकून उठायचं तर मूर्तीवर ओलं फडकं टाकावं लागतं, नाहीतर सकाळी भेगा. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये घरंदाज मुलीनं फुलं, पंखे, लेकरांचे चेहरे रंगवले तर लोक कौतुक करत. पण शिल्प? कोपरापर्यंत चिखल, हातात छिन्नी, आणि समोर उघडा मॉडेल! हाडं-स्नायू शिकायचे तर त्याला पाहिल्यावाचून गत्यंतर नाही, आणि नेमकं तेच बायकांना मना.

एलेन बेर्तो या बाईंचं नशीब असं, की सावत्र वडीलच शिल्पकार. त्यांच्याच हाताखाली त्या तयार झाल्या. 1867च्या सालॉनमध्ये त्यांनी कैदी झालेल्या तरुण गॉल योद्ध्याचा, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या योद्ध्याचा, नग्न पुतळा मांडला. सालॉन म्हणजे पॅरिसचं सरकारी कलाप्रदर्शन बरं का, केस कापायचं सलून नव्हे. शब्द मात्र एकच. गंमत अशी, की पुतळ्यांवर त्या स्वतःचं नाव घालत नसत, ‘मादाम लेओं बेर्तो’ असं नवऱ्याचं नाव लावत. आपल्या भाषेत, सौ. लेओं बेर्तो.

1873 साली त्यांनी मुलींसाठी शिल्पाचा वर्ग काढला आणि पुढे त्याची शाळा केली. पण एकटीच्या शाळेनं किती मुली शिकणार? म्हणून 1881 मध्ये चित्रकार आणि शिल्पकार स्त्रियांची संघटना उभी राहिली. दुसऱ्या वर्षी पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात 38 जणी. मग दरवर्षी प्रदर्शन, 1890 पासून स्वतःचं नियतकालिक. ‘बायकांचं वेगळं प्रदर्शन कशाला?’ असं तेव्हाही विचारलं गेलं. मला विचाराल तर प्रदर्शन हा संघटनेचा दर्शनी भाग होता. खरी लढाई होती एकोल दे बोझारच्या दाराशी.

ही सरकारी कलाशाळा. शिक्षण फुकट, पण फक्त मुलग्यांना. मुलींनी जायचं खासगी वर्गांना, आणि तिथला हिशेब ऐका: प्रसिद्ध जुलियां अकादमीत मुलींना मुलग्यांच्या दुप्पट फी! म्हणजे ज्यांना फुकट शिकायची सोय होती त्यांना बाहेरही स्वस्त, आणि जिला काहीच सोय नाही तिला दामदुप्पट.

1889 साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. बेर्तोंच्या ‘सायकी’च्या, म्हणजे ग्रीक-रोमन पुराणकथेतल्या नायिकेच्या पुतळ्याला तिथे सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी तिथल्या स्त्रियांच्या परिषदेत त्यांनी मागणी मांडली, एकोलचं दार उघडा. मग समित्या आल्या, अर्ज आले, खर्चाचे वाद आले. आक्षेपांचा सूर आपल्या ओळखीचाच, विस्तवाजवळ लोणी ठेवायचं कसं? 1894 मध्ये संघटनेची सूत्रं चित्रकार व्हर्जिनी देमाँ-ब्रेताँ यांच्याकडे गेली आणि त्यांनी पाठपुरावा सोडला नाही.

1897 साली दार उघडलं. मुली आत आल्या, तर विद्यार्थ्यांनी ‘बायका मुर्दाबाद’ अशा घोषणा देत असा धुडगूस घातला, की शाळाच काही काळ बंद ठेवावी लागली. मुलींना स्वतःचा चित्रवर्ग मिळायला 1900 उजाडलं, आणि रोमला पाठवणाऱ्या मानाच्या पारितोषिकाच्या स्पर्धेत उतरायला 1903.

ते पारितोषिक पहिल्यांदा एका स्त्रीला मिळालं 1911 साली. तिचं नाव ल्युसिएन हूवेलमान्स, आणि विषय चित्रकला नव्हे, शिल्प. बेर्तोबाई दोनच वर्षांपूर्वी, 1909 साली गेल्या होत्या.

नमस्कार.