परतीच्या वाटेची स्की

मंडळी, पत्रिकेत 'पहिली फ्रीराइड स्की कशी निवडावी' असं छापलंय. फ्रीराइड म्हणजे दाबून सपाट केलेली पट्टी सोडून मोकळ्या बर्फात उतरणं. तिकडे येतोच, पण आधी उलथण्याबद्दल बोलू.

2002 साली व्होलंट कंपनीनं 'स्पॅचुला' नावाची स्की काढली. स्पॅचुला म्हणजे आपलं उलथणं. कल्पना शेन मॅकॉन्की या स्कीपटूची. एरवी स्कीची टोकं रुंद, कंबर बारीक आणि मधे हलकी कमान. यानं सगळंच उलटं केलं. कंबर रुंद, टोकं निमुळती आणि कमानीऐवजी होडीचं बूड. त्याआधी गड्यानं अलास्कात चक्क पाण्यावरच्या स्की पायात चढवून बर्फ उतरून पाहिला होता! कारण ताजा, भुसभुशीत बर्फ पाण्यासारखा वागतो. पुढचं टोक बुडालं की माणूस तोंडावर. उलथणं मस्त तरंगलं. कडक बर्फावर मात्र पकड मिळेना, कारण बर्फात रुतायला सलग टेकणारी पोलादी कडच तोकडी. घावन उलटणाऱ्या उलथण्यानं सुपारी कातरायची नसते. काकू हसल्या, म्हणजे मुद्दा पोचला.

दुकानांनी यातून उचललं काय, तर 'जितकी रुंद तितकी भारी'. माझं भांडण आहे ते याच्याशी. गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, तुम्हाला गुलमर्गला अफरवट डोंगराच्या खांद्यावर, 3,900 मीटरच्याही वर सोडतो. तिथून चार वळणं ताज्या बर्फात होतील. त्यानंतर इतरांनी तुडवून ढेकळं केलेला उतार, दुपारी वितळून पुन्हा गोठलेली साय, आणि शेवटी झाडांतली घट्ट झालेली अरुंद वाट. सह्याद्रीत चढण्यापेक्षा उतरताना गुडघे बोलतात, हे तुम्हाला मी काय सांगू! 115 मिलिमीटरची कंबर अशा कडक जागी कडेवर उभी करायला वेळ लागतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. नवख्यानं स्की निवडायची ती या वाटेसाठी.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, कर्जतवाले पिशव्या आवरताहेत. तेव्हा आता भरभर.

कंबर 95 ते 102 मिलिमीटर. जेमतेम पट्टी सोडायला लागलेल्यानं 90 च्या आसपासही चालेल. लांबी हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान, पण उंचीपेक्षा वजन बघा. स्की ही स्प्रिंग आहे. 55 किलोच्या माणसाला 85 किलोवाल्याची ताठ स्की वाकत नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावून धरा. मधे फट दिसली तर कमान आहे, ती हवीच. टोकाकडे तळ लवकर फाकत गेले तर तो रॉकर. पुढे भरपूर, मागे थोडा, असा घ्या. रॉकर जास्त असेल तर कड कमी टेकते, मग पाचेक सेंटिमीटर लांब घ्या. टायटॅनलचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताठ मिश्रधातूचे, पूर्ण लांबीचे थर टाळा; ती स्की वेगाशिवाय ऐकत नाही. पण डोंगर पायी चढण्यासाठी केलेली अगदी हलकी टूरिंग स्कीही नको, ढेकळांत ती फेकली जाते. एका स्कीला 1.7 ते 2 किलो ठीक.

बूट मात्र आधी. सैल बुटात कुठलीच स्की वळत नाही. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारं आणि पडलात की सोडणारं कुलूप, बुटाच्या तळाशी जुळतं का, ते विचारा. गोल तळाचा टूरिंग बूट जुन्या अल्पाइन, म्हणजे फक्त उतरण्यासाठीच्या, बाइंडिंगमधून वेळेवर सुटेलच असं नाही. सुटलेली स्की थांबवणारा ब्रेक कंबरेपेक्षा जरा रुंद हवा. अरुंद असला तर स्कीच्या कडेला अडकून उघडत नाही, फार रुंद असला तर बर्फात घासतो. बाइंडिंग किती जोरावर सुटावं त्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून तंत्रज्ञ लावतो. मित्राचा आकडा उसना घेऊ नका.

हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं बीकन (संदेश देणारं-घेणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) यांना वेगळी संध्याकाळ लागेल. ते तिन्ही अंगावर असल्याशिवाय, आणि वापरता आल्याशिवाय, पट्टी सोडायची नाही.

आणि हो, मुंबईचा पावसाळा! घरी आल्यावर कडा कोरड्या पुसा, तळावर आणि कडांवर जाड मेण चढवा आणि ते खरवडू नका. ओल्या पिशवीत बंद ठेवलेल्या कडा जूनमध्येच तांबूस होतात. बाकीचे प्रश्न जिन्यात विचारा, दिवे बंद करायला माणूस आलाय.