गेटवर केबिन बॅग मागितली? टॅग लागण्याआधी हे बाहेर काढा

बोर्डिंगच्या रांगेत स्टाफ म्हणतो, "सर, वर जागा नाही, ही बॅग खाली द्या." खाली, म्हणजे होल्डमध्ये, विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात. कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानातून जाताना तर हे ठरलेलंच. वरचे कप्पे इतके लहान असतात की कडक ट्रॉली बसतच नाही.

वाद नको, चेन उघडा. पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या आधी हातात घ्या. चेक-इन काउंटरवर हे विचारतात. गेटवरच्या घाईत विचारायचं राहून जातं, आणि घोळ तिथेच होतो. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये क्रू पाणी ओतून ती थंड करू शकतो. होल्डमध्ये असतो हॅलॉन वायू. तो ज्वाळा विझवतो, पण बॅटरीच्या आत तापमान वाढत जातं ते थांबवत नाही.

[पॉवर बँकेवरचा छापील मजकूर जवळून]

इथे वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते तो आकडा, बघा. 20,000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले 1,000: 74 वॉट-अवर. केबिनमध्ये 100 पर्यंत चालतं, 100 ते 160 साठी विमान कंपनीची परवानगी लागते. पण 74 वाली असो की 20 वाली, होल्डमध्ये कुठलीच जात नाही. चार्जिंगवाल्या स्मार्ट बॅगेची बॅटरीही काढून घ्या.

मग औषधं, पासपोर्ट, दागिने, लॅपटॉप, घराच्या किल्ल्या. हे सगळं ठेवायला बॅगेत वरच एक घडीची कापडी पिशवी असू द्या. मराठी घरात तिचा तुटवडा नसतो.

[टॅग]

टॅगवरची तीन अक्षरं वाचा: पुण्यासाठी पीएनक्यू, मुंबईसाठी बीओएम. पुढे दुसरं विमान असेल तर टॅग शेवटच्या मुक्कामाचा आहे की मधल्या, हे विचाराच. जुने टॅग फाडून टाका. बॅग शिडीपाशी मिळेल की बेल्टवर, तेही विचारून घ्या. पावती जपा, फोटोही काढा.

पैसे? जागा नाही म्हणून त्यांनी बॅग मागितली तर सहसा लागत नाहीत. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅगेची मर्यादा साधारण 7 किलो. बॅग त्याहून जड निघाली तर मात्र गेटवरच खिशाला कात्री.

टाळायचंय? मऊ सॅक घ्या, सीटखाली सरकवा. फक्त इमर्जन्सी एक्झिटची रांग घेऊ नका, तिथे टेकऑफ-लँडिंगला पायाशी सामान ठेवू देत नाहीत.

बॅग फुटून आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे लेखी तक्रार, नोंदवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार द्यायला बॅग मिळाल्यापासून 7 दिवस असतात.