शॉटरीचं शाकारलेलं घर

इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या कडेला शॉटरी. लोक इथे येतात ते अ‍ॅन हॅथवेचं माहेर बघायला. 1582 मध्ये शेक्सपिअरशी लग्न होऊन ती इथून गेली. पण लाकडी सांगाडा तिच्याही आधीचा, पंधराव्या शतकातला, आणि बघण्यासारखा तोच आहे.

माडीवरचं हे बाकदार लाकूड पाहा. ओक मुद्दाम वाकडाच निवडायचा, उभा चिरायचा आणि दोन्ही फाका समोरासमोर उभ्या करून आढ्यापाशी जोडायच्या. छपराचं ओझं या जोड्या पेलतात, भिंती नाहीत. ओक ओला असतानाच तासतात. वाळला की हत्यारं बोथट करतो. एका लाकडाच्या टोकाला कोरलेलं कुसू, म्हणजे जिभेसारखा भाग, दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं आणि आरपार ओकचीच खुंटी ठोकायची. कुसवातलं भोक किंचित आत पाडलेलं असतं, त्यामुळे खुंटी शिरताना सांधा आवळत जातो.

मधल्या चौकटींत कुड. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझल या लवचीक झुडपाच्या फोका, वर माती, शेण, काड यांचा गिलावा आणि शेवटी चुना. काही चौकटी पुढे विटांनी भरल्या. अशा भिंतीला सिमेंट फासणं म्हणजे घात: शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, खालचं आडवं लाकूड कुजतं, आणि वरून भिंत ठणठणीत दिसत राहते.

सुरुवातीला माडी नव्हती. शेकोटी जमिनीवर, धूर सरळ छपरात. 1610 मध्ये अ‍ॅनचा भाऊ बार्थोलोम्यू याने घर विकत घेतलं. अशा घरांत धुराडं बांधल्यावरच वर माडी घालता येते. इथल्या एका धुराड्यावर 1697 हे साल आहे. 1892 मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने घर घेतलं. 1969 च्या आगीत ते बरंच होरपळलं. नंतर दुरुस्त झालं.

आता छप्पर. उतार साधारण 50 अंश. तो कमी पडला तर पाणी निथळत नाही, मुरतं. काडाचा थर फूटभर. शाकारताना जुनं सगळं उपसत नाहीत. कुजलेलं तेवढं काढतात आणि नवा थर हेझलच्या पिळून दुमडलेल्या काड्यांनी जुन्यात रोवतात. आढ्यावरचा पट्टा 10 ते 15 वर्षांत बदलावा लागतो, पाखं त्याहून जास्त टिकतात. अडतं ते काडापाशी. कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या कम्बाइन यंत्रातून ते चुरडून निघतं, आणि हल्लीचा गहू मुळातच बुटका. म्हणून शाकारणीसाठी जुन्या उंच जातींचा गहू वेगळा पेरतात, थोडा हिरवट असतानाच बाइंडरने, म्हणजे कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने, कापतात आणि पेंढ्या शेतात उभ्या करून वाळवतात.